दोन दगडांमधली फट

जपानमध्ये नदीतले मासे बघायचे म्हणजे लोक पुलावर उभे राहतात. वरून आयूचे थवे चमकताना दिसतात, कुठे कोई असतात, पोरं ब्रेडचे तुकडे टाकत बसतात. अकाझा नावाचा छोटा मासा मात्र पुलावरून जन्मात दिसायचा नाही. त्याच्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरायचं, पाणी जिथे खळाळत खाली येतंय तिथे जायचं आणि दगड उलटायचा, तोही कुठलाही नाही, ते पुढे सांगते. दगड उलटला की पाणी गढूळ होतं, क्षणभर काहीतरी लालसर वळवळतं, आणि गेलं. बहुतेक वेळा एवढंच पदरात पडतं.

दिसायला कसा ते आधी सांगून टाकते, कारण फोटो टाकून काही कळत नाही, फोटोत तो नेहमी मेल्यासारखाच दिसतो. लांबी साधारण १० सेंटिमीटर, क्वचित थोडी जास्त. अंगावर खवलं नाहीत, नुसती बुळबुळीत कातडी. रंग ओल्या आमसुलाचा. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, आणि डोळे इतके बारीक की देवाने शेवटी आठवण झाली म्हणून टोचून दिले असावेत. पाठीवरचा मागचा मांसल पर लांबत जाऊन शेपटीलाच मिळतो, त्यामुळे तो पोहतोय असं वाटतच नाही, दगडांमधून सरपटतोय असं वाटतं. शास्त्रीय नाव लायोबॅग्रस राइनी. कॅटफिशच, पण कॅटफिश म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो चिखलातला, मोठ्या तोंडाचा, काहीही गिळणारा प्राणी येतो त्याचा हा फार लांबचा भाऊ. याला गढूळ, कोमट, साचलेलं पाणी चालतच नाही. थंड, स्वच्छ, धावतं पाणी पाहिजे, आणि त्या धावत्या पाण्यात याला स्वतःला मात्र धावायचं नसतं. ही गंमत मला या माशाकडे खेचून घेऊन गेली.

आम्ही नागोयाजवळ राहतो, नोकरीमुळे आलो आणि राहिलो. शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, सगळी पोरं त्यांना ओजीसान म्हणतात, म्हणजे आजोबा, म्हणून मीही तेच म्हणते. उन्हाळ्यात रविवारी ते सोसायटीतल्या पोरांना गाडीत घालून गिफूच्या डोंगराकडे एका ओढ्यावर नेतात. याला इथे गासागासा म्हणतात. एकाने दांड्याचं छोटं जाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरायचं, दुसऱ्याने वरच्या बाजूने पायाने दगड, गवत ढवळत यायचं, जे काही घाबरून निसटतं ते जाळ्यात. मग पारदर्शक डब्यात घालून बघायचं, नाव सांगायचं, आणि परत सोडायचं. माझी मुलगी जायला लागली म्हणून मी जायला लागले, आणि आता मुलगी कंटाळली तरी मी जाते, हे घरात विनोदाचा विषय झालेलं आहे.

ओजीसानची पाण्यात उतरायच्या आधीची सूचना एकच असते. लाल दिसला की मुठीत धरायचा नाही. अकाझाच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांत काटे असतात, आणि काटा टोचला की नुसतं टोचत नाही, विष जातं. जीव वगैरे जात नाही, पण ठणका असा लागतो की मोठी माणसंही पाय आपटतात. एकदा एका पोराने ऐकलं नाही. ओजीसाननी शांतपणे थर्मासमधलं गरम पाणी काढलं, स्वतःचा हात घालून बघितला, सोसवेल इतपत कोमट केलं आणि त्याचा हात त्यात बुडवून ठेवायला लावला. माशांच्या काट्याच्या विषावर हा उपाय सगळीकडेच करतात, उष्णतेने ठणका उतरतो. पोरगं अर्ध्या तासाने परत पाण्यात.

मला याचं फार नवल वाटलं नाही कारण मी चिपळूणची. आमची आत्या शिंगाळा साफ करायला बसली की आधी विळीवर त्याचे काटे उडवायची आणि मगच बाकीचं, आम्हा पोरांना तोवर जवळ यायची बंदी. शिंगाळाही कॅटफिशच, खाडी-समुद्रातला. कॅटफिशमध्ये विषारी जाती किती याचा एक अभ्यास २००९ मध्ये अमेरिकेत झाला होता, जेरेमी राइट नावाच्या संशोधकाचा, त्यात अंदाज निघाला किमान १,२५० आणि कदाचित १,६०० च्याही वर. साप-विंचवांचं नाव बदनाम, आणि हे मिशाळ आपले गपचूप.

आता दगडाचं. ओजीसान ओढ्यात उतरले की मासा शोधत नाहीत, दगडावर पाय ठेवतात. दगड जरासा हलला, खडखडला, तर तिथे थांबतात. घट्ट बसलेला असला तर पुढे. पहिल्या वेळी मला वाटलं तोल सांभाळतायत. तर तसं नाही. जपानी नदीवाले लोक तळाच्या दगडांचे दोन प्रकार करतात, एक सुटे, एकमेकांवर नुसते टेकलेले, ज्यांच्या खालून पाणी आरपार जातं, आणि दुसरे वाळू-गाळात रुतून बसलेले. वरून बघितलं तर दोन्ही सारखेच गोल-गुळगुळीत दिसतात, फोटोत फरक कळणार नाही. पण अकाझा राहतो तो फक्त पहिल्या प्रकाराखाली, कारण त्याचं घर म्हणजे दगड नाहीच, दगडांमधली फट. ती फट गाळाने बुजली की पाणी तेवढंच, दगड तेवढेच, स्वच्छताही तेवढीच, आणि मासा नाही.

वरून वाहणारं पाणी जोरात असलं तरी तळाशी घासून त्याचा वेग पडतो, आणि दगडाच्या मागे, खाली तर जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणजे कमरेला धक्के देणाऱ्या प्रवाहात पायाखाली दोन इंचांवर एक शांत मजला असतो. त्या मजल्यावर राहण्याचे फायदे मोठे. खळाळत्या पाण्यात हवा मिसळत राहते, आणि थंड पाण्यात मुळात ऑक्सिजन जास्त मावतो, १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २५ अंशांना सुमारे ८. वर धावतं पाणी ताजी हवा आणून देतंय, खाली आपण फुकट बसलोय. जोरात पोहणाऱ्या माशाला या पाण्यात टिकायला दिवसभर शेपूट मारावी लागते, अकाझा ती मेहनतच टाळतो.

याच प्रश्नाचं दुसरं उत्तर आपल्याकडे सह्याद्रीत सापडतं. ग्लिप्टोथोरॅक्स नावाचे छोटे कॅटफिश, त्यातली एक जात तर पुण्याच्या नावाचीच आहे, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस, १९३८ साली सुंदरलाल होरांनी नोंदवलेली. होरा म्हणजे झूलॉजिकल सर्व्हेमधले मोठे मत्स्यशास्त्रज्ञ, डोंगरी ओढ्यांतले प्राणी प्रवाहात टिकतात कसे यावर त्यांनी उमेदीची वर्षं घातली. ग्लिप्टोथोरॅक्सच्या छातीवर कातडीच्या घड्या असतात, त्यांच्या जोरावर तो दगडाला चिकटून राहतो, वरून पाणी कितीही जाऊ दे. अकाझाकडे असलं काही हत्यार नाही. एक चिकटतो, एक लपतो. मला स्वतःला लपणारा जास्त हुशार वाटतो, पण त्याची हुशारी सगळी दुसऱ्याच्या जिवावर आहे, दगड सुटे राहिले तरच. चिकटणाऱ्याला निदान दगडाचा वरचा भाग तरी पुरतो.

अकाझा रात्री बाहेर पडतो आणि पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या खातो. या अळ्याही त्याच फटीतल्या रहिवासी. त्यातली एक जात तोंडातून रेशमासारखा धागा काढून दोन दगडांमध्ये जाळं विणते आणि वाहत येणारं बारीकसारीक त्यात अडकवून खाते. या अळ्या माणसंही खातात बरं का. नागानो प्रांतात इना नावाचा भाग आहे, तिथे तेन्र्यू नदीतून हिवाळ्यात या अळ्या गोळा करतात आणि सोया सॉस-साखरेत आटवून विकतात, झाझामुशी म्हणतात. मी खाल्ल्यात. सुक्या जवळ्याच्या जवळपास जाणारी चव, पण किंमत ऐकून जवळा बरा वाटला. असो. मुद्दा एवढाच की फट बुजली की घर आणि जेवण दोन्ही एकदम जातं.

आणि पुढची पिढीही. मे-जूनमध्ये मादी मोठ्या दगडाखाली अंडी घालते, जेलीसारख्या आवरणात एकत्र चिकटलेला पुंजका, आणि त्याच्यावर नर राखण करत बसतो. इथे जूनमध्येच पावसाळा सुरू होतो, ओढे फुगतात, आणि नेमक्या त्याच वेळी आयूच्या मासेमारीचा सीझनही उघडतो. म्हणजे वर कमरेपर्यंत पाण्यात उभे असलेले, लांबच लांब रॉड घेतलेले हौशी लोक, त्यांचे जाड तळाचे बूट, आणि खाली दगडाखाली बाप बसलेला. आयूचं इथे काय कौतुक! नागारा नदीच्या आयूला तर २०१५ मध्ये जागतिक कृषी वारशाचा मान मिळाला, नदीवर कॉर्मोरंट पक्ष्यांकडून आयू पकडायचा खेळ टुरिस्ट पैसे देऊन बघतात. आयू दगडावरचं शेवाळ खातो आणि अकाझा त्याच दगडाखाली राहतो. वरच्या मजल्यावरच्याला वारसा, खालच्याला कोणी विचारत नाही. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या रेड लिस्टमध्ये अकाझाचं नाव आहे, धोक्यातल्या जातींमध्ये, पण यादीत नाव असणं वेगळं आणि लोकांच्या तोंडी असणं वेगळं.

तोंडी असतो तो नामाझू, मोठा कॅटफिश. तो जमिनीखाली शेपूट हलवतो म्हणून भूकंप होतो अशी इथली जुनी समजूत, १८५५ मध्ये एडोला, म्हणजे आजच्या तोक्योला, मोठा भूकंप झाल्यावर नामाझूची रंगीत चित्रं छापून धडाधड विकली गेली होती. आजही भूकंपाच्या सूचनांच्या पाट्यांवर तो दिसतो. त्यांच्यातलाच एक, डोंगरातल्या नद्यांमध्ये राहणारा, लोकांना माहीत होता पण वेगळी जात म्हणून त्याची नोंद २०१८ मध्ये झाली. इतकी वर्षं कागदपत्रांत माशाची गणना झालेल्या देशात, हातभर लांबीचा मासा! मग बोटाएवढ्या माशांबद्दल काय बोलायचं. तरी आमच्या भागात नेकोगिगी नावाचा एक लहान कॅटफिश नशीबवान निघाला. तो जगात फक्त इसे आणि मिकावा उपसागरांना मिळणाऱ्या नद्यांत, म्हणजे आइची, गिफू, मिए एवढ्याच प्रांतांत आहे, आणि १९७७ पासून त्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. मासा आणि स्मारक! म्हणजे किल्ल्याला, जुन्या देवळाला जसं संरक्षण तसं. परवानगीशिवाय पकडायचाच नाही. ओजीसान पोरांना चित्र दाखवून दोघांतला फरक पाठ करून घेतात, कारण चुकून नेकोगिगी जाळ्यात आला तर तिथल्या तिथे, डब्यात न घालता सोडायचा.

अकाझाला जगाच्या कागदावर आणलं जर्मनांनी. फ्रान्झ हिलगेनडॉर्फ तोक्योत वैद्यकीय शाळेत शिकवायला होता, १८७३ ते १८७६, आणि परत गेल्यावर १८७८ मध्ये त्याने ही जात नोंदवली. नाव दिलं योहानेस युस्टुस राइनचं. हा राइन भूगोलवाला, प्रशियाच्या सरकारने त्याला जपानचे उद्योगधंदे, लाख-काम वगैरे बघायला पाठवलं होतं, आणि तो गडी डोंगरच जास्त फिरला. १८७४ मध्ये हाकुसान पर्वत उतरताना कुवाजिमा गावापाशी त्याने दगडातून वनस्पतींचे जीवाश्म उचलले, आणि जपानमधल्या अशा जुन्या थरांचा अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. दगड उचलून बघायची सवय असलेल्या माणसाचं नाव या माशाला मिळालं हे मला फार योग्य वाटतं, योगायोग असला तरी.

हे सगळं कुटुंब, अँब्लिसिपिटिडी, पाकिस्तान-भारताच्या हिमालयाच्या पायथ्यापासून निघून आग्नेय आशिया, चीन, तैवान, कोरिया करत जपानपर्यंत पसरलेलं आहे. सगळे लहान, सगळे धावत्या पाण्यातले. आपल्या बाजूचा अँब्लिसेप्स मँगॉइस तर फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्येच गंगेच्या माशांच्या पुस्तकात घेतला होता. जपानमध्ये पोचलेला एकटा अकाझाच. पण खरी मजा आहे कोरियात.

कोरियात जवळपास दर मोठ्या नदीला आपला आपला लायोबॅग्रस आहे. हान नदीकडे तुंगारी, नाकदोंग नदीकडे जागासारी, गम आणि योंगसान नद्यांकडे तुंगसारी, सोमजिन नदीचा वेगळा, आणि आग्नेय किनाऱ्याकडच्या छोट्या ह्योंगसान नदीचाही वेगळा, तो तर २०१५ मध्ये नोंदवला गेला. कारण सरळ आहे. डोंगरी ओढ्यातला हा मासा खाली सपाटीच्या संथ, कोमट पाण्यात रमत नाही, समुद्र ओलांडू शकत नाही, डोंगराची धार ओलांडू शकत नाही. मग प्रत्येक खोऱ्यात तो अडकून पडतो आणि पिढ्यान्पिढ्या हळूहळू वेगळा होत जातो. माझ्या ऑफिसमध्ये देजॉनचा एक जण आहे, तो म्हणाला आमच्याकडे लहानपणी नदीत हात घातला आणि तुंगारीने काटा मारला नाही असं पोरगं दाखव. आणि नदीतले असले छोटे मासे सगळे एकत्र टाकून तिखटजाळ रस्सा करतात, मेउनतांग, तो सांगताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि ऐकताना माझ्या. फक्त तुंगसारी आता खायचा विषय राहिलेला नाही, तो कोरियात सगळ्यात वरच्या दर्जाच्या धोक्यातल्या जातींमध्ये आहे. शास्त्रात त्याला नाव मिळालं १९८७ मध्ये. २००९ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत कोरियाने चार मोठ्या नद्यांवर १६ बंधारे घातले, त्यात गम आणि योंगसानही होत्या. बंधाऱ्यामागे पाणी थांबलं की गाळ बसतो, आणि गाळ बसला की काय होतं ते वर सांगितलंच.

म्हणजे बघा, जी गोष्ट या माशाला वेगळं बनवते, एका खोऱ्यात अडकणं, तीच त्याला मारते. सपाटीवरचा मासा एक नदी बिघडली तर दुसरीत असतोच कुठेतरी. याचं खोरं गेलं की जात गेली, दुसरीकडून आणून सोडायला कोणी नाही.

तैवानची गोष्ट जरा विचित्र आहे. तिथल्या लायोबॅग्रस फॉर्मोसानसची नोंद १९०८ मध्ये लंडनच्या चार्ल्स टेट रेगनने केली, आणि नमुना आलेला लेक कँडिडियसवरून. हे म्हणजे आजचं सन मून लेक, १७ व्या शतकातल्या एका डच मिशनऱ्याच्या नावाने युरोपी लोक त्याला तसं म्हणायचे. धावत्या पाण्याचा मासा आणि ओळख तळ्याच्या नावाने. त्या तळ्याचं पुढे काय झालं? १९३४ मध्ये जपानी राजवटीने झुओश्वेई नदीचं पाणी बोगद्याने तळ्यात आणून वीज प्रकल्प उभा केला, पाण्याची पातळी चढली, तळ्यातल्या बेटाचा बराचसा भाग बुडाला, तिथल्या थाओ लोकांची वस्ती हलली. हे वाचताना मला आपली कोयना आठवली, आठवणारच. कोयना कृष्णेची, पूर्वेकडे जाणारी. तिचं पाणी डोंगर फोडून पोफळीला उतरवलं, वीज केली, आणि वापरून झालेलं पाणी सोडलं वाशिष्ठीत, पश्चिमेकडे. माझ्या लहानपणची वाशिष्ठी उन्हाळ्यातही भरलेली असायची ती या पाण्याने. आम्हाला त्याचा अभिमानच होता, शेजारच्या तालुक्यातल्या नद्या कोरड्या आणि आमची वाहती. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्यात टाकल्यावर पाण्यातल्यांना कसं वाटतं हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडायचं कारण नव्हतं.

चीनमध्ये तर या माशांच्या जाती सगळ्यात जास्त, यांगत्सेच्या उपनद्यांमध्ये आणि दक्षिणेकडे, आणि नवीन जाती अजून निघतायत. युन्नानमधला लायोबॅग्रस किंगी १९३५ मध्ये नोंदवला गेला, कुनमिंगच्या द्यान्ची तळ्याच्या भागातून. आणि द्यान्ची म्हणजे नंतरच्या काळात चीनमधल्या सगळ्यात घाण झालेल्या मोठ्या तळ्यांपैकी एक, हिरव्या शेवाळाने भरलेलं. बाकी सांगायला नको. पण चीनबद्दल एक चांगलंही सांगायचंय, नाहीतर सगळं रडगाणं होईल. १ जानेवारी २०२१ पासून यांगत्सेमध्ये १० वर्षांची मासेमारीबंदी आहे, हजारो मच्छीमारांना दुसरा धंदा धरावा लागला, ती बाजू कडू आहेच. आणि ग्वीझौकडच्या छशुई नावाच्या उपनदीवरचे छोटे वीज प्रकल्प आणि त्यांचे बंधारे शेकड्यांनी पाडले गेले. आपल्याकडे छोटं धरण म्हणजे निरुपद्रवी असं समजतात. अकाझाच्या जातकुळीला छोटंही पुरतं. कमरेएवढा बंधारा याला चढता येत नाही, त्याच्यामागे गाळ बसतो, आणि त्याच्याखाली अजून एक वेगळाच प्रकार होतो. वरून बारीक खडी यायची बंद होते, पूर यायचा बंद होतो, आणि पुराने वर्षातून एकदा-दोनदा जे दगड हलायचे, धुऊन निघायचे, परत सुटे व्हायचे, ते हलेनासे होतात. हळूहळू तळ फरशी घातल्यासारखा घट्ट होऊन बसतो. पाणी मात्र वरून काचेसारखं.

म्हणजे पूर पाहिजे. हे वाक्य मी चिपळूणमध्ये म्हटलं तर लोक मला वाशिष्ठीतच बुडवतील, आणि बरोबरच करतील.

२२ जुलै २०२१. आई-दादा सगळे माळ्यावर, खाली सगळं घर पाण्यात, फोन लागेना, मी इथे रात्रभर जागी. पाणी उतरल्यावर घरात जो चिखल होता त्याचा वास आईच्या बोलण्यातून मला इथपर्यंत आला. त्यानंतर शहरात एकच मागणी, वाशिष्ठीतला गाळ काढा. लोकांनी आंदोलनं केली, मग पोकलेन उतरले, गाळ निघाला, अजूनही चर्चा चालूच असते. मी दादाला एकदा फोनवर अकाझाचं, दगडांमधल्या फटीचं सगळं कौतुकाने सांगत होते तर तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मग काय, तुझ्या माशाला विचारून गाळ काढायचा का आता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाहीये. ज्याच्या घरात छातीभर पाणी आलं त्याला नदी खोल आणि मोकळी पाहिजे, आणि त्यात चूक काय? फक्त एवढं जाणवतं की नदीचं काम करायचं म्हणून जेवढे नकाशे, आडवे छेद, आकडे काढले जातात, त्यात नदी म्हणजे किती घनमीटर पाणी जाईल एवढंच असतं. तळाशी दगड कसा बसलाय याची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे कोणी ठरवलेलं नसतं. इथेही कित्येक वर्षं तसंच होतं. गेल्या शतकात जपानने नद्यांना दोन्ही बाजूंनी आणि कित्येक ठिकाणी खालूनही काँक्रीट लावलं. १९९० मध्ये सरकारने निसर्गाला धरून नदीकाम करा असं परिपत्रक काढलं, १९९७ मध्ये नदीच्या कायद्यात पूर आणि पाणीपुरवठा यांच्या जोडीला पर्यावरण हा हेतू म्हणून आला. त्यानंतर काय झालं ते ओजीसान दाखवतात. एका ठिकाणी काँक्रीटच्या भिंतीवर नैसर्गिक दिसणारे दगड चिकटवलेत, मध्ये सिमेंट भरून. दिसायला सुंदर, बाजूला फुलझाडं, बसायला बाक. ओजीसान त्या दगडांवर काठी ठोकतात आणि पोरांना विचारतात, यात कोण राहील? पोरं म्हणतात, कोणी नाही. आणि थोडं वर दुसऱ्या ठिकाणी खरंच चांगलं काम केलंय, मोठे धोंडे नुसते टाकून दिलेत, नदीला काय करायचं ते करू दिलंय, आणि तिथे आम्हाला अकाझा मिळालाय. म्हणजे पुरापासून वाचायचं आणि फटीही ठेवायच्या हे दोन्ही जमतं, निदान काही ठिकाणी. दादाला मी तो फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला, त्यातून काय समजायचं ते समजा.

उन्हाळ्यांचा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याला दगडांनी उत्तर मिळणार नाही. घरी टाकीत अकाझा पाळणारे लोक पाणी २५ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, त्यासाठी कूलर लावतात. ओढ्याला कूलर लावता येत नाही. मासा वरच्या थंड पाण्याकडे सरकेल म्हणावं तर वर दर थोड्या अंतरावर माती अडवायचे बंधारे आहेत, डोंगर घसरू नये म्हणून घातलेले, आणि ते नसते तर खालची गावं राहिली नसती हेही खरं.

पाळणाऱ्यांवरून आठवलं. अकाझा दुकानांत, ऑनलाइन विकायला असतो. लाल, छोटा, दुर्मीळ, म्हणजे गिऱ्हाईक आहेच. आणि कुठे मिळतो हे कोणी फोटोसकट लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात, दगड उलटले जातात आणि तसेच उलटे टाकून लोक जातात. ओजीसान दगड उलटला की परत जसा होता तसा, तीच बाजू खाली करून ठेवायला लावतात, मे-जूनमध्ये तर मोठ्या दगडांना हातच लावू देत नाहीत. यावरून आमचं दोघांचं जरा वाजतं. माझं म्हणणं, लोकांनी बघितलाच नाही तर त्यांना वाटणार कसं काही? त्यांचं म्हणणं, बघू दे, पण आपल्या आपल्या ओढ्यात शोधू दे. तो नसला तर का नाही हे तरी कळेल. मी त्यांना म्हटलं मी मराठीत लिहिणार आहे, इथे वाचणारं कोण, तर म्हणाले, ऑनलाइन भाषांतर आहे ना. तेव्हा ओढ्याचं नाव विचारू नका. नागारा नदीच्या खोऱ्यात कुठेतरी, एवढंच लिहायची परवानगी मिळालीये.